नवमीचा घाव

आण्णांनी चिमणीच्या घराला कळस बसवला आणि मला हसू आवरलं नाही.

"दात काढायला काय झालं?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"कळस बसवलासा, आता पुजारी कोण नेमणार तेवढं सांगा."

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वयंपाकघरातून मला हाक मारली. नुसतं "द्रुपदा", एवढंच. त्या हाकेचा अर्थ 'तोंड आवर' असा होता, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही तो मला लागू पडला नव्हता.

आण्णा म्हणजे माझे सासरे, तातोबा सुतार. येरळेकाठच्या आमच्या गावात देवळाचं दार असो की नवरीचा पाट, आण्णांच्या मेटातून निघाल्याशिवाय लोक त्याला लाकूडकाम म्हणत नसत. मेट म्हणजे आमची सुतारकामाची शेड, घराला लागूनच. त्या उन्हाळ्यात मेटावरची कौलं उतरवून पत्रा घातला होता. कौलांखाली चिमण्यांची घरटी होती, ती कौलांबरोबर गेली. मग चिमण्या समोरच्या विजेच्या तारेवर बसून दिवसभर आमचा उद्धार करायच्या. आत्याबाईंना ते सोसवेना. एक दिवस जेवण वाढता वाढता त्यांनी सांगून टाकलं, की पत्रा तुम्ही घातलासा, आता त्यांना घरबी तुम्हीच द्या, न्हाईतर उद्यापासनं भाकरी त्या तारंखाली बसून खावा.

आण्णांनी हातात घेतलेलं काम कधी हलकं केलं नाही, मग ते चिमणीचं का असेना. देवळाच्या दारातून उरलेला साग काढला. कानामागची पेन्सिल घेऊन फळीवर आधी सगळं चित्र काढलं. चांगलं दीड वीत खोल, पुढे कमानीचं दार, वर शिखर, शिखरावर कळस. एकही खिळा नाही. सगळं खाचेत आणि खुंटीवर. समोरची फळी दोन्ही बाजूंच्या खाचांतून वरून खाली सरकायची, तिच्यावर शिखर बसायचं, आणि बाजूनं एक लाकडी खुंटी ठोकली की घर बंद.

दार फार मोठं झालंय, साळुंकी शिरेल, असं मी म्हटलं.

"देवाच्या दारात वाकून जायाचं," आण्णा म्हणाले, "आपल्या दारात न्हाई. मग ती चिमणी का असंना."

मग त्यांनी प्रत्येक फळी रंधली. बाहेरून तर रंधलीच, आतूनही रंधली. आत कोण बघायला जाणार आहे, असं आत्याबाई म्हणाल्या, तर "मी बघितलंय की" एवढंच त्यांनी उत्तर दिलं. रंध्यावर समाधान झालं नाही म्हणून वर पॉलिशपेपर घासला. शेवटी समोरची फळी माझ्यापुढे धरली. ही त्यांची नेहमीची परीक्षा.

"हात फिरव. कुसळ लागतंय?"

मी हात फिरवला. लोण्यावरून फिरवावा तसा फिरला. खरं सांगते, मलाही कौतुक वाटलं. मी सुताराच्या घरात जन्मले आणि सुताराच्याच घरात दिली गेले. खडबडीत फळीत काही गुण असू शकतो, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला सुचलं नसतं.

आता माझं सांगते. माझे वडीलही सुतार. त्यांना मुलगा नव्हता आणि करवतीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागायचं, ते मी धरायचे. त्यातून रंधा आला, रंध्यातून लाकूड कोरायची पटाशी आली. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, सुताराचं घर आहे, हात थांबायचा नाही. इथं आले तर नवरा एसटीत कंडक्टर. भुश्याचा वास आला की त्यांना शिंका सुरू व्हायच्या, त्या पार डोळे सुजेपर्यंत. सुताराच्या पोटी आणि भुश्याचं वावडं. देवाची थट्टा म्हणायची, दुसरं काय. ते बिचारे मेटात पाऊल टाकत नसत, आणि मला टाकू देत नसत ते आण्णा.

पण दुपारी आण्णा झोपायचे. ते झोपले की मी मेटात जायचे. आधी उरलेल्या तुकड्यांवर, मग चांगल्या फळीवर. एक पाट केला आणि गुपचूप स्वयंपाकघरात ठेवून दिला. आण्णा त्यावर बसून महिना-दोन महिने जेवले. मग एके दुपारी त्यांना लवकर जाग आली. मी हात झाडून बाहेर पडले होते, पण बाकाखाली रंध्याची सालपटं राहिली होती. त्यांनी एक उचललं आणि उजेडात धरलं.

"हे माझं न्हवं," ते म्हणाले. "माझं ह्याच्यापेक्षा पातळ निघतंय."

त्या दिवशी त्यांनी मला समोर उभं करून सांगितलं, की बाईनं हत्याराला हात लावायचा तो हळदीकुंकवापुरता. मी विचारलं, मग तुम्ही ज्या पाटावर बसून जेवताय तो कुणी केलाय? त्यांनी आत जाऊन पाट पाहिला. उलटा करून पाहिला, सांधा नखानं चाचपला. त्यात खोट सापडली नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं असावं. त्या दिवसापासून ते जमिनीवर बसून जेवायला लागले. पाट मी तिथंच ठेवला. रोज मांडायचे, रोज रिकामा राहायचा. मीही कुठं कमी होते?

आमच्या मेटाचा एक रिवाज होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा सगळेच सुतार करतात. हत्यारं धुवायची, तांबड्या कापडावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं, पुरणाचा नैवेद्य. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी. दसऱ्याला सकाळी आण्णा पटाशी उचलायचे आणि सागाच्या तुकड्यावर पहिला घाव घालायचे. आमच्याकडे असं धरत, की पूजलेल्या हत्यारानं पहिला घाव ज्याच्या हातून पडेल, त्याची ती हत्यारं पुढल्या नवमीपर्यंत. तोवर ती दुसऱ्या कुणाला द्यायची नाहीत, उसनीसुद्धा नाहीत. ऐन लग्नसराईत गावच्या पाटलानं करवत मागितली होती, मांडव अडला होता, तरी आण्णांनी दिली नाही. स्वतः जाऊन वासे कापून दिले, पण करवत हातातून सोडली नाही. पाटील वर्षभर बोलत नव्हता. आण्णा म्हणाले, बोलंना तर बोलंना, बोलण्यानं काय लाकूड कापतंय?

पूजेत बसायची ती फक्त मेटाची हत्यारं. नवी नवरी होते तेव्हा आत्याबाईंनी एकदा विळी आणि सुरी धुऊन आणली होती, कडेला ठेवा म्हणून. आण्णांनी ती परत पाठवली. विळी-सुरीनं घरं बांधली जात नाहीत, म्हणाले. आत्याबाईंनी दोन्ही उचलून नेली आणि त्या दिवशी पुरण जरा कमी गोड झालं. ते मी लक्षात ठेवलं होतं.

आण्णांचा हात त्या वर्षी कापायला लागला होता. कळस बसवताना मी पाहिलं, डाव्या हातानं उजवं मनगट धरून ते काम करत होते. त्यांच्या मागं मेट कोण चालवणार हा प्रश्न घरात कुणी उघड काढत नव्हतं, कारण उत्तर एकच होतं आणि ते शिंकत होतं. मग रंगनाथ भावजींचा निरोप आला. हा आण्णांचा सख्खा पुतण्या. सांगलीत त्याचं फर्निचरचं मोठं दुकान, कामाला मशिनी. हत्यारं मी नेतो, आपल्या घराण्याची आहेत, घराण्यातच राहतील, असं त्यानं कळवलं होतं. आण्णांनी होकार दिला. ठरलं असं, की त्यानं नवमीला यायचं, दसऱ्याच्या सकाळी रिवाजाप्रमाणे पहिला घाव घालायचा आणि हत्यारं घेऊन जायचं.

ते ठरल्याचं कळलं तेव्हा मी सरळ मेटात गेले. झोपेची वेळ नव्हती, भर सकाळ होती.

"आण्णा, हत्यारं मला द्या."

ते चिमणीच्या घराला पॉलिश करत होते. बोळा फिरवायचा थांबला नाही.

"आन् गाव काय म्हणंल? तातोबाच्या घरातलं गडी संपलं?"

"संपलंच की. एक हाय, तो शिंकतूय."

त्यांना हसू आलं असावं, कारण त्यांनी तोंड फिरवलं. पण पुन्हा वळले तेव्हा चेहरा बंद होता. ते म्हणाले, की माझा सांधा चांगला असतो हे त्यांना ठाऊक आहे, पण रीत ती रीत. रीत मोडली की हत्यार हातात राहत नाही, हातावर येतं. आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. मी बाहेर आले आणि मोरीपाशी उभी राहून रडले. रागानंच रडले. दुःख झालं होतं असं कुणी समजू नये.

चिमणीचं घर मेटाच्या पडवीत खांबावर चढलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यात साळुंकी शिरली. कमानीतून मान बाहेर काढून ती मालकिणीसारखी गावाकडं बघत बसायची. मी काही बोलले नाही. फक्त पडवी झाडताना रोज म्हणायचे, "राम राम बाई, वाकायला लागलं न्हाई न्हवं?" चार-पाच दिवसांनी आण्णांनी घर खाली उतरवलं, कमानीत आतून एक फळी बसवली आणि तिला लहानसं गोल भोक पाडलं, चिमणी जेमतेम जाईल एवढं. भोक वरच्या अंगाला घेतलं, मांजराचा पंजा आत पोचू नये म्हणून. मी बरोबर होते असं ते म्हणाले नाहीत. मीही म्हटलं नाही, पण तसं तोंड करून फिरले.

गोकुळाष्टमीच्या सुमाराला चिमण्यांची जोडी आली. गवत, दोऱ्या, आत्याबाईंच्या लुगड्याचा एक धागा, असा संसार आत गेला. पितृपक्षात सगळं गाव कावळ्यांच्या मागं असताना आमच्या पडवीत अंडी फुटली आणि आतून बारीक चिवचिवाट सुरू झाला. आण्णा खुर्ची तिथंच टाकून बसायचे. त्यांनी आयुष्यात देवळं केली, पण देव आत राहायला आलेला त्यांना पहिल्यांदाच ऐकू येत होता. हे मला त्यांच्याकडे बघून कळत होतं आणि त्यांच्यावरचा राग टिकवायला त्रास पडत होता.

नवमी आली. सकाळी पूजा झाली. मी हळदकुंकू वाहिलं, माझ्या वाट्याचं तेवढंच होतं. आमचे हे ड्युटीवर गेले, आणि रंगनाथ भावजी जीप घेऊन आले. माणूस वाईट नव्हता, आण्णांच्या पाया पडला, आत्याबाईंना साडी आणली. पुरणपोळी जेवता जेवता तो हत्यारांचं पुढं काय करणार ते सांगू लागला. दुकानात शिरल्या शिरल्या समोर काचेचं कपाट करणार, आत हत्यारं मांडणार, वरून दिवे सोडणार. गिऱ्हाइकांना कळलं पाहिजे, की आपण परंपरेची माणसं आहोत.

आण्णांचा घास हातात राहिला. "कपाटात?" त्यांनी विचारलं.

"आता रंध्यानं कोण रंधतंय काका? मशिनीतनं फळी आत जाती न् गुळगुळीत हून भाईर येती."

आण्णा खाली बघून जेवले. शब्द दिलेला होता, आणि दिलेला शब्द ते परत घेत नसत. मी पाहिलं, त्यांनी पुरणपोळी अर्धी टाकली.

जेवणं झाल्यावर दोघं पडवीत पान खात बसले. मी खरकटं काढून बाहेर आले आणि चिमणीकडं लक्ष गेलं. ती तारेवर अळी चोचीत धरून बसली होती. घराजवळ यायची, भोकासमोर पंख फडफडवायची आणि आत न जाता परत तारेवर. कालही तिचं हेच चाललं होतं. पिलं उडण्याजोगी झाली की चिमण्या असंच करतात. खायला दाखवतात, देत नाहीत, म्हणजे पिलू भुकेनं बाहेर येतं. पण पिलू बाहेर येत नव्हतं. आदल्या दिवशी आतून मोठा गोंधळ ऐकू येत होता, आज आवाज बारीक झाला होता.

मी स्टूल घेतलं आणि लाकडाला कान लावला. आत नखांचा आवाज आला. खरवडत वर, मग सुळकन खाली. जरा वेळ शांत. पुन्हा वर, पुन्हा खाली. मी तशीच उभी राहिले, आणि ती फळी माझ्या हाताला आठवली. लोण्यासारखी.

"आण्णा, पिलं घसरायल्यात," मी म्हटलं. "फळीला नख लागंना झालंय त्यांचं."

आण्णा उठून आले. त्यांनीही कान लावला, आणि त्यांचा चेहरा उतरला. सुताराला त्याच्या कामातली चूक दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही. पण ते स्टुलावरून मागं झाले आणि म्हणाले, की उद्या सकाळी रंगनाथचा घाव झाला की लगेच फळी काढू.

"उद्यापतूर मरतील ती."

"आज नवमी हाय."

"चिमणीला सांगा, नवमी हाय म्हणून."

"द्रुपदा," आण्णांचा आवाज चढला, "ह्या मेटात नवमीला हत्यार उचललेलं न्हाई. माझ्या बानं न्हाई, त्येच्या बानं न्हाई."

रंगनाथ भावजी मधे पडले. वैनी, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, म्हणाले. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी घर खांबावरून काढलं आणि मेटात शिरून बाकावर ठेवलं. मग हत्यारांच्या समोर गेले. पटाशीवर झेंडूचं फूल होतं. ते उचलून मी रंध्यावर ठेवलं, आणि पटाशी घेतली.

"ठेव खाली," आण्णा म्हणाले.

"न्हाई ठेवत."

लाकडी हातोडीनं खुंटी ठोकून काढली. शिखर उचललं, कळसासकट. समोरची फळी वर सरकवली आणि बाहेर घेतली. आत गवताच्या गादीवर तीन पिलं एकमेकांवर पडली होती. पुरी पिसं आलेली, चोची उघड्या. एकाचं डोकं कलंडलं होतं. आण्णा माझ्या अंगावर येणार असं वाटलं, पण त्यांनी आत पाहिलं आणि जागेवर थांबले.

मी फळी त्यांच्यापुढे धरली. आतली बाजू वर करून.

"हात फिरवा, आण्णा. कुसळ लागतंय?"

त्यांनी हात फिरवला नाही. मी फळी बाकावर टाकली, पटाशी आडवी लावली आणि घाव घातला. सागाची ढलपी उडून जमिनीवर पडली. दुसरा, तिसरा, खालपासून वरपर्यंत, भोकाशी जाईतोवर. आडव्या खाचा, पिलाच्या नखाला धरता येतील अशा. इतक्या सुंदर फळीवर असे घाव घालताना माझाही हात एकदा अडखळला. फळी परत खाचेत सरकवली, शिखर बसवलं, खुंटी मारली, घर खांबावर चढवलं.

सगळे पडवीत उभे होते. आतून पुन्हा खरवड ऐकू आली, पण या वेळी ती खाली गेली नाही. भोकात एक पिवळी चोच आली, मग डोकं. पिलानं आम्हा सगळ्यांकडं पाहिलं आणि आमचा भरवसा नाही असं ठरवून सरळ तारेच्या दिशेनं झेप टाकली. तारेपर्यंत पोचलं नाही, पेरूच्या झाडावर आदळलं. चिमणीनं तिथंच जाऊन त्याच्या तोंडात अळी कोंबली. जरा वेळानं दुसरं आलं. कलंडलेलं तिसरं दिवस मावळता मावळता आलं, आत्याबाई तोवर देवापुढे बसून होत्या.

पण ते नंतरचं. पहिलं पिलू उडालं तेव्हा रंगनाथ भावजींना बरं वाटलं. झालं ना काम वैनी, म्हणाले, आता ठेवा ती पटाशी, उद्या सकाळी माझा घाव झाला की मी निघेन.

"उद्या कसला घाव?" मी म्हटलं. "पयला घाव पडला."

रंगनाथ भावजी हसले, मग माझ्याकडं बघून हसायचे थांबले.

"बाईचा घाव कुठं धरत्यात व्हय?"

"घावाला काय ठावं कोण बाई न् कोण बुवा? लाकूड कापलं का न्हाई तेवढं सांगा." पटाशी माझ्या हातातच होती. मी आण्णांकडं वळले. "पूजलेली पटाशी हाय. घाव सागावर पडलाय. सगळ्यांम्होरं पडलाय. रीत तुमची हाय, आण्णा. तुमीच सांगा."

आण्णा मेटात गेले. बाकापाशी वाकले, गुडघा धरून, आणि जमिनीवरची पहिली ढलपी उचलली. उजेडात धरली, उलटी केली. बोटानं तिची कड पाहिली. मला माझ्या बापाची आठवण झाली, पण पटाशी मी सोडली नाही.

"घाव पडला," ते म्हणाले.

"काका, अवं..."

"पाटलाला करवत दिली न्हवती मी, रंगनाथ. मांडव अडला हुता त्येचा. आता तुला कशी दिऊ?" त्यांनी ढलपी बंडीच्या खिशात टाकली. "पुढल्या नवमीपतूर हत्यारं जागची हलणार न्हाईत."

मग माझ्याकडं न बघता ते घरात गेले आणि अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून पडले. माझ्याशी त्यांनी बोलणं टाकलं. रंगनाथ भावजी रात्रीच्या आत सांगलीला पोचायचं म्हणून निघाले. जाताना त्यांनी मला हात जोडले, त्यात चेष्टा किती आणि खरं किती ते मी मोजत बसले नाही. गावात बोभाटा झाला. बायका पाणवठ्यावर विचारायच्या, खरंच का गं तू नवमीला पटाशी उचललीस? मी म्हणायचे, उचलली, आणि घावही घातला, कुणाची खाट मोडली असेल तर पाठवा.

खाटा आल्या. मग दारं आली. आण्णा मेटाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे आणि चुकलं की काठी आपटायचे, बोलायचे नाहीत. काठी कधी थांबली आणि शब्द कधी सुरू झाले ते नेमकं सांगता येणार नाही. जमिनीवर बसून जेवणं मात्र दिवाळीच्या पाडव्याला थांबलं. मी नेहमीप्रमाणे पाट मांडला होता, ते आले आणि त्यावर बसले. आत्याबाईंनी वाढताना माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, फक्त तूप जास्त घातलं. मलाच.

पुढल्या वर्षीचा दसरा उजाडला तेव्हा मी सगळ्यांच्या आधी उठले, कारण पहिला घाव ज्याचा त्याची हत्यारं, ही रीत आण्णांनाही लागू होती. बघते तर मेटाचं दार उघडं, आणि आण्णा पटाशी हातात घेऊन बाकापाशी बसलेले. समोर सागाचा तुकडा. संपलं, असं मला वाटलं. मी दारातच थांबले.

"बोथट करून ठिवलीस," ते म्हणाले. पाण्याच्या दगडावर त्यांनी तिला धार लावली होती. बाकावर ठेवली, मूठ माझ्याकडं करून, आणि काठी टेकत चहा प्यायला निघून गेले.

त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मेट माझं आहे. चिमण्यांची घरं मी शेकड्यानं केली, शाळेला, देवळाला, ज्यानं मागितलं त्याला. कळस नाही, कमान नाही, आणि आतली बाजू कधी रंधली नाही. आण्णा होते तोवर प्रत्येक घर त्यांच्या हातातून जायचं. दिसेनासं झाल्यावर ते भोकातून बोट घालून आतली फळी चाचपायचे, आणि कुसळ टोचलं की म्हणायचे, जमलं.

त्यांच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. ऊन खात पडवीत बसले होते, वर चिमण्यांचा कल्ला चालला होता. मी शेजारी पाट घासत होते. त्यांनी मधेच विचारलं,

"द्रुपदा, त्या नवमीला घरात वरवंटा हुता न्हवं?"

"हुता की."

"खुंटी वरवंट्यानं निघाली असती."

"निघाली असती."

"आन् सुरी हुती. वरखडं सुरीनं वढता आलं असतं. पिलाला तेवढं पुरलं असतं."

"पुरलं असतं, आण्णा."

एवढी वर्षं हे त्यांच्या मनात होतं, आणि माझ्याही. पिलांसाठी जीव तुटला नव्हता असं नाही. पण पटाशीवरचं फूल बाजूला करताना मला सगळं दिसत होतं, सुरी कुठं आहे तेही.

"मग सुरी का घेतली न्हाईस?"

मी पाटावरचा भुसा फुंकला.

"सुरीला तुमी पूजंत बसू दिलं हुतं का कधी?"